गाडी सोडा, दार गाठा!

गणपतीला कोकणात निघालेले चाकरमानी, समृद्धीवरून नागपूर गाठणारे, रोज सकाळी कोस्टल रोडने दक्षिण मुंबईत कामाला जाणारे आणि मे महिन्यात मनालीची सहल करणारे, या सगळ्यांना ही कळकळीची विनंती. बोगद्यात आग लागली, तर गाडीत बसून राहू नका. काचा वर करून, एसी लावून ‘बघू या काय होतंय’ म्हणत थांबू नका. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, किल्ली गाडीतच ठेवा, माणसे घेऊन खाली उतरा आणि धुराच्या विरुद्ध दिशेला असलेल्या जवळच्या आपत्कालीन दाराकडे चालू लागा. हे धूर तुमच्यापर्यंत पोहोचायच्या आधी करायचे आहे. सामान राहू द्या.

पुढे वाचायला वेळ नसेल तर एवढे लक्षात ठेवा आणि घरच्यांना सांगा. वेळ असेल तर मात्र वाचाच. कारण ऐकायला सोपी वाटणारी ही गोष्ट ऐन वेळी माणसे करत नाहीत, असा जगभरचा अनुभव आहे.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी आपल्याकडे बोगदा म्हटले की डोळ्यांसमोर यायचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग. भाताण, माडप, आडोशी, खंडाळा, कामशेत. मुले ओरडायची, आवाज घुमायचा आणि मिनिटभरात पुन्हा उजेड. आता चित्र बदलले आहे. मलबार हिलच्या पोटातून जाणारे कोस्टल रोडचे जुळे बोगदे प्रत्येकी दोन किलोमीटरहून थोडे अधिक लांब आहेत. पोलादपूर आणि खेडच्या मधला कशेडीचा बोगदाही दोन किलोमीटरच्या आसपास. जून २०२५मध्ये समृद्धीचा शेवटचा टप्पा खुला झाला, त्यात कसारा घाटाखालून जाणारा बोगदा सुमारे आठ किलोमीटरचा. द्रुतगती मार्गाच्या ‘मिसिंग लिंक’वरचा मोठा बोगदा नऊ किलोमीटरच्या घरात जातो. आठ किलोमीटर म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने गेले तरी सहा मिनिटे डोंगराच्या आत. छोट्या बोगद्यात पलीकडचे तोंड दिसत असते आणि पळायचे कुठे हे विचारावे लागत नाही. लांब बोगद्यात मागे-पुढे नुसत्या दिव्यांच्या रांगा दिसतात. तिथे कुठे जायचे, हे आधी माहीत असावे लागते.

आणि आपल्याला ते माहीत नाही. घाटात दरड कोसळली तर काय करायचे हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. बोगद्यातल्या आगीबद्दल ना शाळेत कोणी सांगितले, ना ड्रायव्हिंग स्कूलमध्ये.

फ्रान्स आणि इटलीला जोडणारा माँ ब्लाँ बोगदा ११.६ किलोमीटर लांब आहे. २४ मार्च १९९९ रोजी सकाळी फ्रान्सच्या बाजूने एक ट्रक त्यात शिरला. ट्रकमध्ये ना पेट्रोल होते ना रसायन. होते मार्गारीन आणि मैदा, म्हणजे बेकरीचे सामान. समोरून येणाऱ्या गाड्या दिवे चमकवू लागल्या, तेव्हा आपल्या ट्रकमधून धूर निघतोय हे चालकाच्या लक्षात आले. बोगद्याच्या साधारण मध्यावर त्याने ट्रक थांबवला, खाली उतरला आणि क्षणात भडका उडाला. तो इटलीच्या दिशेने पायी पळाला आणि वाचला. त्याच्या मागे फ्रान्सच्या बाजूने आलेल्या गाड्या रांगेत थांबल्या होत्या. बोगद्यातला वारा त्या वेळी इटलीकडून फ्रान्सकडे वाहत होता. सगळा धूर त्या रांगेवर गेला. एकूण ३९ माणसे गेली. त्यातले बहुतेक जण आपापल्या गाडीत किंवा गाडीच्या आसपास सापडले.

पेटत्या ट्रकच्या सर्वांत जवळ असलेला माणूस उतरून पळाला म्हणून जगला, आणि त्याच्या मागे धडधाकट गाड्यांमध्ये बसलेली माणसे गेली. बोगद्यातल्या आगीबद्दल मला जे सांगायचे आहे, ते सगळे या एका घटनेत आहे.

आग ५३ तास जळत होती. तापमान हजार अंश सेल्सिअसच्या आसपास गेले. मदतीला आत शिरलेल्या अग्निशमन दलाच्या गाड्या धुरात बंद पडल्या, जवानांनाच आसऱ्याच्या खोल्यांमध्ये शिरावे लागले आणि त्यांच्यातला एक अधिकारी दगावला. इटलीच्या बाजूचा सुरक्षारक्षक पिएरलुचो तिनाझ्झी मोटारसायकलवरून माणसांना सोडवायला आत गेला. एका ट्रकचालकासह तो अशाच एका खोलीत अडकला आणि दोघेही गेले. त्या खोल्या आग फार तर दोन-चार तास सोसतील अशा हिशेबाने बांधल्या होत्या आणि त्यांतून बाहेर पडायला स्वतंत्र रस्ता नव्हता.

मग वाटते, रस्ता असता तर माणसे वाचली असती. तसेही नाही. स्वित्झर्लंडच्या गॉटहार्ड बोगद्यात मुख्य बोगद्याला समांतर असा सुरक्षा-बोगदा सुरुवातीपासून आहे आणि दर २५० मीटरवर तिकडे जायचे दार आहे. तरीही २४ ऑक्टोबर २००१ रोजी दोन ट्रकची टक्कर होऊन आग लागली, तेव्हा ११ जण मेले, त्यातले बहुतेक धुराने. दार जवळ असणे आणि दाराकडे वेळेत निघणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सरकार करू शकते. दुसरी आपल्यालाच करावी लागते.

याच्या उलट जपानमधले उदाहरण पाहा. ११ जुलै १९७९ रोजी निहोनझाका बोगद्यात साखळी अपघात होऊन आग लागली. १७३ गाड्या जळून कोळसा झाल्या. माणसे गेली सात. सात हा आकडाही लहान नाहीच, पण बाकीच्या गाड्यांतले लोक त्या गाड्या सोडून पायी बाहेर पडले नसते, तर हा आकडा कुठे गेला असता याचा विचार करा.

आपल्याकडे गाडी सोडणे जड जाते, हे मान्यच करू. पाच-सात वर्षांचे हप्ते, डिकीत गौरीचे दागिने, नव्या साड्या, गावच्या घरासाठी घेतलेला मिक्सर. शिवाय पुढची गाडी उभी, मागची उभी, कोणीच उतरत नाही. मग आपणच कशाला? बोगद्यातून बाहेर पडण्याच्या ज्या चाचण्या परदेशात झाल्या, त्यांत हेच पुन्हा पुन्हा दिसते. लोक एकमेकांकडे बघत बसतात, कोणीतरी सांगेल म्हणून थांबतात आणि एक जण उतरला की भराभर बाकीचे उतरतात. तो पहिला माणूस तुम्ही व्हा. उतरल्यावर जाता जाता शेजारच्या गाड्यांच्या काचांवर थापा मारा, ‘उतरा, चला’ म्हणून ओरडा. लोक हसले तर हसू द्या. गाडीचा सर्वंकष विमा असेल तर आगीची भरपाई त्यात मिळते. शीर सलामत तो पगडी पचास.

आता वेळेचा हिशेब. एक मोटार पेटली तर साधारण पाच मेगावॉट उष्णता बाहेर पडते, म्हणजे दोन हजार वॉटचे अडीच हजार गीझर एकदम चालू केल्यासारखे. बसची आग वीस-तीस मेगावॉटची. भरलेल्या ट्रकची शंभराच्या पुढे जाऊ शकते. २००३मध्ये नॉर्वेतल्या रुनेहामार या वापरात नसलेल्या बोगद्यात मुद्दाम ट्रकभर माल पेटवून पाहिला. लाकडी पॅलेट, फर्निचर असा रोजचाच माल. आग दोनशे मेगावॉटपर्यंत गेली आणि छताजवळ १३०० अंशांहून अधिक तापमान नोंदले गेले. तेव्हा ‘पुढे टँकर नाहीये, साधा ट्रक आहे’ यावर निर्धास्त होऊ नका.

गरम धूर आधी छताला लागतो आणि छताखालून सेकंदाला दोन-तीन मीटर वेगाने पसरत जातो. माणूस चालतो सेकंदाला मीटर-सव्वा मीटर. सुरुवातीची काही मिनिटे खाली स्वच्छ हवा असते, दिवे दिसत असतात आणि सगळे आटोक्यात आहे असे वाटते. हीच वेळ निघायची. थोडे अंतर गेले की धूर थंड होतो, भिंतींच्या कडेने खाली उतरू लागतो आणि मग हातभर पुढचे दिसत नाही. दोन दारांमध्ये पाचशे मीटर अंतर धरले, तर सर्वांत वाईट जागी उभ्या असलेल्या माणसाला २५० मीटर चालायचे आहे. धडधाकट माणसाला चार मिनिटे. आजीचा हात धरून, कडेवर मूल घेऊन, आठ मिनिटे. धूर दिसल्यावर निघणाऱ्याकडे ही आठ मिनिटे नसतात.

धुरात मारणारा मुख्य वायू कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोके जड होते, मग विचार सुचेनासा होतो, मग पाय चालत नाहीत. नाकाला ओला रुमाल लावण्याचा सल्ला आपण सगळ्यांनी ऐकला आहे. रुमालाने काजळी थोडी अडेल, हा वायू अडत नाही. म्हणून रुमाल लावून थांबायचे नाही, रुमाल असो वा नसो, चालायचे. गाडीच्या बंद काचाही हा वायू अडवत नाहीत.

कुठल्या दिशेला? इथे पंख्यांचे गणित समजून घ्या. जुळ्या बोगद्यात प्रत्येक नळीतली वाहतूक एकाच दिशेने जाते. आग लागली की पंखे वाहतुकीच्याच दिशेने जोराचा वारा सोडतात आणि धूर पुढे ढकलतात. आगीच्या पुढे असलेल्या गाड्या सरळ निघून जातील आणि मागे अडकलेल्यांना ताजी हवा मिळेल, असा त्यामागचा हिशेब. तुम्ही आगीच्या पुढे असाल तर थांबू नका. व्हिडिओ काढायला तर अजिबात नाही, तुमची उभी गाडी मागच्यांची वाट अडवते. तुम्ही मागे असाल तर उतरा आणि आगीपासून लांब नेणाऱ्या जवळच्या दाराकडे, म्हणजे तुम्ही आलात त्या बाजूला, चालत जा. गाडी वळवू नका, रिव्हर्स घेऊ नका. आत येणारा बंब आणि बाहेर जाणारी माणसे यांच्यामध्ये उलटी फिरलेली एकच गाडी सगळा रस्ता बंद करते.

एकाच नळीतून दोन्ही बाजूंची वाहतूक चालू असते, तेव्हा हे गणित बिघडते. माँ ब्लाँ तसाच होता, गॉटहार्डही. आपल्याकडेही दुरुस्तीच्या वेळी किंवा गर्दीच्या सोयीसाठी एक नळी बंद ठेवून दुसरीतून दोन्ही बाजूंच्या गाड्या सोडण्याचा मोह होतो. अशा वेळी धूर कुठेही ढकलला तरी तो कोणाच्या तरी अंगावर जाणारच. तेव्हा समोरून गाड्या येत असलेल्या बोगद्यात शिरलात तर अंतर दुप्पट ठेवा आणि काही घडलेच तर आणखी लवकर उतरा.

आता ते दार. हिरव्या दिव्याच्या पाटीवर पळणारा माणूस आणि खाली अंतर. भिंतीवर दोन्हीकडे बाण असतात, जवळचे दार कोणत्या बाजूला किती मीटरवर आहे ते सांगणारे. पुढच्या वेळी बोगद्यातून जाताना शेजारी बसलेल्यांनी ते शोधावेत. मुलांना मोजायला लावा, मुले हे काम फार आनंदाने करतात. दार पोलादी आणि जड असते. पलीकडच्या मार्गात धूर शिरू नये म्हणून तिथे अनेक ठिकाणी हवेचा दाब जास्त ठेवतात, त्यामुळे हाताने ढकलून ते लगेच उघडत नाही. ‘कुलूप दिसतंय’ म्हणून मागे फिरू नका. आडव्या दांड्यावर अंग टाकून ढकला, दोघांनी मिळून ढकला. आत गेलात की दार आपोआप मिटू द्या, दगड लावून उघडे ठेवू नका. आणि पलीकडच्या नळीत एकदम धावत जाऊ नका, तिथे गाड्या चालू असू शकतात. दोन नळ्यांना जोडणाऱ्या जोडमार्गात थांबा. तिथून कधी बाहेर पडायचे ते तिथली माणसे किंवा भोंगा सांगेल.

मनालीला जाणाऱ्यांसाठी एक माहिती. ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्यात बाहेर पडायचा मार्ग रस्त्याच्या खाली आहे. तुमची गाडी ज्या रस्त्यावरून चालते, त्याच्याच तळाशी माणसांना चालत जाण्याजोगा स्वतंत्र अग्निरोधक बोगदा आहे. बर्फाचे फोटो काढून परतणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? सहल-व्यवस्थापकांनी बोगद्यात शिरण्यापूर्वी माइकवरून हे एक वाक्य सांगावे, एवढीच विनंती.

तुमचीच गाडी पेटली तर? ती चालत असेल आणि बोगद्याचे तोंड जवळ असेल तर बाहेर काढा, कारण उघड्यावरची आग कितीतरी बरी. ते जमणार नसेल तर कडेच्या थांब्यावर घ्या. धोक्याचे दिवे लावा, सगळ्यांना उतरवा. किल्ली आत ठेवण्याचे कारण असे की, अग्निशमन दलाला गाड्या हलवता आल्या पाहिजेत. नव्या गाड्यांची बटणवाली किल्ली खिशात राहते, तीही आठवणीने डॅशबोर्डवर टाका. भिंतीतल्या कोनाड्यात एसओएस फोन असतो. आपल्या मोबाइलऐवजी तो वापरा, कारण तो उचलताच नियंत्रण कक्षाला तुमची नेमकी जागा कळते. मोबाइलवरून ११२ला ‘आम्ही बोगद्यात आहोत’ म्हणून सांगून आठ किलोमीटरमधली जागा सापडत नाही. आग लहान असेल तर तिथले अग्निशामक नळकांडे एकदा वापरून बघा. विझली नाही तर नाद सोडा. सीएनजीच्या गाडीतून जोराचा फुत्कार ऐकू आला, किंवा विजेवरच्या गाडीच्या तळातून धूर निघू लागला, तर हिरोगिरी न करता लांब व्हा. आणि सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी करायची तपासणी राहिली असेल, तर ती गणपतीआधी उरका.

ट्रॅव्हल्सच्या बसमालकांना थोडे कडक शब्दांत सांगायचे आहे. १ जुलै २०२३च्या पहाटे समृद्धीवर सिंदखेड राजाजवळ बस डाव्या अंगावर उलटून पेटली. दार खाली गेले, आत २५ जण जळून मेले आणि जे थोडे वाचले, ते काच फोडून निघाले. ते उघड्या माळावर घडले. हेच बोगद्यात घडले तर बसमधल्यांसोबत मागच्या रांगेचाही जीव टांगणीला लागेल. संकटकालीन दारासमोर पार्सलची पोती रचू नका. मधल्या वाटेत प्लास्टिकची स्टुले टाकून जादा माणसे बसवू नका. काच फोडायचा हातोडा जागेवर आहे का, ते निघण्यापूर्वी बघा. एसटीच्या चालक-वाहकांना वेगळे सांगायला नको, पण प्रवासी तुमचेच ऐकतात, दादा. ‘सगळ्यांनी उतरा, सामान राहू द्या, माझ्यामागून चला’ हे तुमच्या तोंडून आले तर पन्नास माणसे एका मिनिटात हलतील.

टँकरवाल्यांनी बंदी असलेल्या बोगद्यात शिरू नये. १३ जून २०२३ रोजी खंडाळा घाटात कुणे पुलावर टँकर उलटून पेटला, जळते द्रव खालच्या रस्त्यावर सांडले आणि चार जण गेले. पुलाला निदान चारी बाजूंनी आकाश होते.

राहता राहिली यंत्रणा. समृद्धीच्या बोगद्यात तापमान वाढताच पाण्याचा बारीक फवारा सोडणारी व्यवस्था आहे, कोस्टल रोडवर बोगद्याच्या तोंडाशी मोठे पंखे आहेत. पैसे खर्च झाले आहेत, ते नाकारायचे कारण नाही. पण मेहनत केली ती यंत्रांवर, माणसांना कोणी काही शिकवले नाही. उद्घाटनाला फीत कापतात तसा दर वर्षी एक सराव लोकांना घेऊन करा. फक्त कर्मचाऱ्यांचा लुटुपुटूचा सराव नको. आसपासच्या गावांतली खरीखुरी माणसे बोलवा, म्हातारी, लहान, व्हीलचेअरवरची, आणि दार गाठायला किती मिनिटे लागतात ते मोजून जाहीर करा. भोंग्यावरच्या सूचना मराठीत आणि हिंदीत, सावकाश बोललेल्या असू द्या. जोडमार्गांत झाडू, बादल्या आणि सिमेंटची पोती ठेवायची सवय मोडा. आरटीओने शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत बोगद्याचा एक प्रश्न घालावा, त्याला पैसाही लागत नाही. आणि पहिली आग लागायची वाट बघू नका. ‘बैल गेला नि झोपा केला’ ही आपली जुनी खोड आहे.

आता तुमचे काम. या आठवड्यात जेवायला सगळे एकत्र बसाल तेव्हा ठरवून टाका. मागच्या सीटवरच्या पोराला कोण उचलणार, आईला कोण उतरवणार, कुत्रे बरोबर असेल तर पट्टा कोणाच्या हातात. प्रवासात औषधांची छोटी पिशवी डिकीत नको, पायाशी ठेवा, म्हणजे तिच्यासाठी कोणी मागे फिरणार नाही. बोगद्यात शिरताना दिवे लावा, गॉगल काढा, गाण्यांचा आवाज कमी करा म्हणजे भोंगा ऐकू येईल. तोंडाशी लाल दिवा असेल तर आत जाऊ नका, मागचा कितीही हॉर्न वाजवू दे. आत रांग लागलीच तर पुढच्या गाडीला चिकटू नका. आणि एखादा फोन मेलेला, दाराची पाटी विझलेली किंवा दारापुढे सामान रचलेले दिसले, तर बाहेर आल्यावर गाडी सुरक्षित जागी थांबवून कळवा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ला, इतरत्र त्या रस्त्याच्या टोलनाक्यावर किंवा नियंत्रण कक्षाला. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या आणि परतीच्या प्रवासात ती पाटी लागली का, ते बघा.